मटकी वाफवलेलीच मिळेल

नमस्कार ताई,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. आमटी आणि अळूची भाजी आवडल्याचं आवर्जून लिहिलंत, आभार. तक्रारी चार आहेत. काकडीला दवाखान्यासारखा वास येत होता, कच्चा कांदा मागितला तर पाच मिनिटं थांबवलं, मटकीची कोशिंबीर कच्ची हवी होती तर वाफवलेली आली, आणि कोथिंबीर कशावरच भुरभुरलेली नव्हती. त्यावरून मालक कंजूष झाला असं तुम्ही ठरवलंत. वर हेही लिहिलंत की ‘कोबी सोडला तर कच्च्या भाजीत काही नसतं, मिठाच्या पाण्यात धुतली की झालं, आणि इतकी वर्षं इथेच खाल्लं, कधी काही झालं नाही.’ कंजूषपणाचं उत्तर सोपं आहे. मटकी वाफवायला गॅस लागतो, कच्ची द्यायला लागत नाही. बाकीच्याला जरा जागा लागेल.

तो वास क्लोरिनचा. आमच्याकडे कच्ची खायची भाजी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतात, मग क्लोरिनच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि शेवटी पिण्याच्या पाण्यात खळखळून काढतात. प्रमाण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग), म्हणजे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरिनचं द्रावण, असेल तर १० लिटर पाण्याला १० मिलि. हा आकडा माझ्या डोक्यातून आलेला नाही, अन्नसुरक्षा प्राधिकरण हॉटेलवाल्यांना हेच सांगतं. पाण्यात क्लोरिन तपासायच्या कागदाची पट्टी बुडवली की ती फिकट जांभळी व्हायला हवी. गडद निळी झाली तर औषध जास्त पडलं. पांढरीच राहिली तर औषध संपलं, आणि बहुतेक वेळा ते मातीनं संपवलेलं असतं. भाजीला चिखल राहिला की क्लोरिन त्या चिखलावरच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून मोरीवरच्या मावशींना माझं एकच सांगणं असतं: आधी माती, मग औषध. पाणी गढूळ दिसलं की ते ओतून नवीन करायचं, गर्दी कितीही असो. पावसाळ्यात महापालिकेच्या नळाला जो वास येतो तोच हा, थोडासा मागे राहतो. काकडी सोलून मागितलीत तर तोही जातो. (घरी करून बघणार असाल तर फरशीचं सुगंधी ब्लीच वापरू नका. खायच्या भाजीसाठी म्हणून वेगळं मिळतं ते घ्या आणि त्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा.)

मिठाच्या पाण्यानं फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात, हे खरं आहे. आईही तेच करायची, मीही करतो. पण अळी दिसते. ज्याची भीती आहे ते दिसत नाही आणि मूठभर मिठानं मरतही नाही.

आता कोबी. ‘कोबीतली अळी डोक्यात जाते’ हे प्रत्येक घरात सांगितलं जातं आणि त्यामुळे बिचाऱ्या कोबीची फुकट बदनामी झाली आहे. डोक्यात जाते ती कोबीतली हिरवी अळी नव्हे. तो डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा (टेपवर्मचा) प्रकार. ज्या माणसाच्या पोटात तो कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती सांडपाण्यातून शेतात जातात, किंवा शौचाहून आल्यावर न धुतलेल्या हातांवरून थेट भाजीवर येतात. अशी अंडी पोटात गेली तर त्यांतून निघालेले जंत रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट्स यायला लागतात. म्हणूनच ज्यांनी जन्मात मांस खाल्लं नाही अशा लोकांनाही हा आजार होतो. अंड्याला कोबी काय आणि कोथिंबीर काय, चिकटायला पान मिळालं की पुरे. त्यात मेख अशी की या अंड्यांना क्लोरिन फारसं काही करू शकत नाही. ती वाहत्या पाण्यानं चोळून निघाली तर निघाली, नाहीतर आच हवी.

कोथिंबिरीची जुडी कधी मुळाशी उकलून पाहिलीत का? पावसाळ्यात मार्केट यार्डातून येणारी जुडी मुळांसकट चिखलात लडबडलेली असते. पाऊस जमिनीवर आपटतो आणि माती उडून देठांच्या बेचक्यात जाऊन बसते. एकेक काडी सुटी करून धुतली तर साफ होते. घरी चार काड्या लागतात, तिथे जमतं. माझ्याकडे रविवारी टोपलीभर लागते, तेव्हा प्रत्येक काडीची खात्री मी देऊ शकत नाही, आणि जो देतो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. म्हणून आषाढापासून दसऱ्यापर्यंत कोथिंबीर आमटीत उकळून जाते, वडीत वाफवून जाते, वरून मात्र पडत नाही. शहराचं सांडपाणी नदीत जातं आणि त्याच नदीच्या पाण्यावर खालच्या अंगाला पालेभाज्या पिकतात, हे पुणेकरांना मी काय सांगायचं.

जानेवारी २०२५ आठवतोय ना? सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढायला लागले. हातपाय लुळे पडलेली धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर गेली. पुण्यात आणि आसपास मिळून संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, त्याच्या संसर्गानंतर हा आजार होऊ शकतो. संशय पाण्यावर होता, भाजीवर नव्हता. पण भाजी धुतो कशात आपण? त्या महिन्यात अर्ध्या पुण्यानं पाणी उकळून प्यायला सुरुवात केली आणि तेच नळाचं पाणी कोशिंबिरीच्या काकडीवर ओतलं.

कांद्याची पाच मिनिटं. भाजीची साल ही तिची कातडी आहे. ती शाबूत असेपर्यंत आत फारसं काही शिरत नाही. चिरली की रस सुटतो, आणि तो रस जंतूंची मेजवानी असतो. सकाळी घमेलंभर कांदा चिरून ठेवणं मला सोयीचं आहे, पण ते आम्ही करत नाही. मागाल तेव्हा चिरतो. २०२४ च्या शेवटी अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या बर्गरमधून ई. कोलाय हा पोटाचा जिवाणू पसरला तेव्हा बोट ठेवलं गेलं ते मांसावर नाही, कारखान्यात आधीच चिरून आलेल्या कच्च्या कांद्यावर. १०४ जण आजारी पडले, एक दगावला. एवढ्या मोठ्या साखळीचं हे झालं, मग माझ्या दोन टेबलांमागच्या ओट्याचं काय सांगा. पाच मिनिटं थांबावं लागलं याचा राग मान्य आहे, पण ती कमी होणार नाहीत.

आणि मटकी. तुमचा खरा राग हिच्यावर दिसतो, कारण ‘मोड आलेलं कच्चंच पौष्टिक’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. मोड आणायला काय लागतं? ओल, ऊब आणि एक रात्र. जंतूंना वाढायलाही नेमकं हेच लागतं. दाणा शेतातच दूषित झाला असेल तर जंतू त्याच्या भेगेत बसलेला असतो. फडक्यात बांधून ठेवलं की एका रात्रीत एकाचे लाखो होतात आणि सकाळी कितीही पाणी ओतलं तरी सगळे निघत नाहीत. २०११ च्या मे-जूनमध्ये जर्मनीत हेच झालं. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी, आठशेच्या वर लोकांच्या मूत्रपिंडांवर परिणाम, पन्नासहून अधिक मृत्यू. आधी बोट दाखवलं गेलं स्पेनच्या काकडीकडे. तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला, आणि मग कळलं की काकडीचा काही दोष नव्हता. माग काढत तपास पोचला एका छोट्या शेतावर, जिथे मोड आणून विकत होते. धान्य कुठलं होतं माहितेय? मेथी. इजिप्तहून आलेली, आपली नेहमीची मेथी. त्या शेतावर रसायनांचा वापरसुद्धा नव्हता, सगळं सेंद्रिय. मी ते वाचलं आणि तेव्हापासून आमच्याकडे मटकी, मूग, मेथी, जे काही मोडाचं आहे ते वाफेवर जातं. आतपर्यंत चटका बसेल इतकं, लगदा होईल इतकं नाही. वर लिंबू पिळून भागत नाही, ते चवीला.

‘कधी काही झालं नाही’ याबद्दल एवढंच. ई. कोलायचा त्रास बहुधा तीन-चार दिवसांनी सुरू होतो, टायफॉइडला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि दूषित खाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए, सरासरी चार आठवड्यांनी दिसते. चार आठवड्यांपूर्वीची कोशिंबीर कोणाच्या लक्षात राहते? तोपर्यंत आदल्या दिवशीच्या पाणीपुरीवर आळ येऊन गेलेला असतो. तुम्ही लिहिलंय की सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत आणि कच्चं त्यांच्याच आवडीचं. वय झालेली माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांनाच हे आजार सगळ्यात जोरात धरतात, त्यामुळे त्यांच्या ताटासाठी तर मी अजिबात हटणार नाही.

पुढच्या वेळी याल तेव्हा वाढणाऱ्याला आधीच सांगा. काकडी, मुळा, गाजर धुऊन सोलून हवं तितकं मिळेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दह्यातली मुळ्याची कोशिंबीर सासूबाईंना आवडेल, मुळा ताटात येतानाच किसतो. कांदा पाच मिनिटांनी येईल. मटकी नको असेल तर तिच्याऐवजी बटाट्याची भाजी दुप्पट घ्या, पण कच्ची मागू नका.