वाळवीची शेती आणि आरेतला बिबट्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माणूस आणि प्राणी यांच्यातला फरक नावापुरताच, असं मी माझ्या लेखात तार वाकवणाऱ्या कावळ्याचं उदाहरण देऊन म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘कावळ्याने तार वाकवली म्हणून तो माणसाच्या पंगतीला बसत नाही. शेती, लिपी, मुंबईसारखं शहर, यातलं काय केलं प्राण्यांनी? माणसाला खाली खेचायची ही फॅशन आहे.’ दोनदा वाचलं. राग आला नाही, कारण त्यातलं अर्धं बरोबर आहे.

शेती मात्र यादीतून काढा. पावसाळ्यात बोरिवली-वसईकडे रानातली अळंबी विकायला येते. तिच्यात वारुळावर उगवणारी असेल, तर ते वाळवीचं पीक समजा. वाळवी लाकूड-पाला चावून वारुळात त्याचे वाफे रचते, त्यांवर बुरशी वाढवते आणि ती खाते. हे सुमारे ३ कोटी वर्षं चाललंय. आपली शेती १०-१२ हजार वर्षांची. मी शेतकऱ्याच्या घरातला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हरखून गेलो होतो, कमीपणा वाटला नव्हता. म्हणून ‘खाली खेचणं’ हा शब्द मला लागला.

हत्यारांचंही तसंच. १९६० साली टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी चिंपांझीला डहाळीची पानं ओरबाडून ती डहाळी वाळवी काढायला वारुळात खुपसताना पाहिलं, आणि ‘हत्यार बनवतो तो माणूस’ ही व्याख्या डळमळली. लेखातली तार वाकवणारी कावळी, बेटी, मात्र प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या कावळ्यांपैकी. आपल्याकडचा कावळा घरट्यासाठी बांधकामावरच्या तारा पळवतो, त्याला मी हत्यार म्हणणार नाही. लेखात ही सरमिसळ झाली होती, ती चूक माझी.

आता भाषा. इथे तुमचं म्हणणं मान्य. आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळी हाळी देतात. पण ‘परवा रात्री त्या वडाखाली बिबट्या बसला होता’ हे त्यांना सांगता येत नाही. आरेच्या पाड्यातल्या आजीला येतं. तिची नात तो बिबट्या न बघताही अंधारात एकटी बाहेर जात नाही, आणि उद्या हेच आपल्या मुलांना सांगेल, वर स्वतःचं काही घालून. पिढ्यान्‌पिढ्या असं साठत गेलं, म्हणून लिपी आली, तुम्ही म्हणता ते शहरही उभं राहिलं.

डार्विनने १८७१ मध्ये मांडलं होतं की माणूस आणि वरच्या प्राण्यांच्या मनांत फरक आहे तो प्रमाणाचा, प्रकाराचा नाही. त्याच्या आधाराने मी ‘फरक नावापुरताच’ असं लिहून मोकळा झालो होतो. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे. वाळवीचा परिच्छेद तिथेच राहील.