टपाल बंद पाडण्याची सभ्य रीत

सार्वजनिक टपाल सेवा ठेवावी की मोडीत काढावी, असा विषय चार माणसांत निघाला तर लगेच "मोडीत काढा" म्हणू नका. उतावळेपणा दिसतो. आधी एक सुस्कारा सोडा. पाकीट फोडताना येणाऱ्या कागदाच्या वासाबद्दल दोन वाक्यं बोला. मंडळी हळवी झाली की हळूच विचारा, "पण खरं सांगा, तुम्ही शेवटचं पत्र कधी लिहिलंत?" सगळे ओशाळतात. बैठक तुमच्या खिशात.

एक पथ्य मात्र पाळा. "शेवटचं पाकीट कधी आलं?" असं चुकूनही विचारू नका. मग लोक आठवायला लागतात. बँकेचं नवं कार्ड आलं होतं, पासपोर्ट आला होता, कोर्टाची नोटीस आली होती, आणि ती आलीच नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण पोचपावतीवर सही होती. असल्या रुक्ष गोष्टी चर्चेत येता कामा नयेत. टपाल म्हणजे गुलाबी कागदावरची पत्रं, एवढंच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे राहू द्या. पत्रं लिहिणारी माणसं कमी झाली, हे खरंच आहे. त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही. टपालाचं बाकीचं सगळं काम या एका खऱ्या गोष्टीमागे झाकलं गेलं म्हणजे झालं.

मोजमापाला स्वतःचाच उंबरा वापरा. तुमच्या दारात दिवसाला तीन कुरियरवाले येतात, म्हणजे जगात सगळीकडे येतच असणार. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे, हवासुपाई या मूळनिवासी जमातीचं. तिथं मोटाररस्ता पोहोचत नाही, म्हणून टपाल खेचरांच्या पाठीवरून जातं. दरीच्या काठावर खोकी खेचरांच्या दोन्ही अंगांना बांधतात, एका बाजूला वजन जास्त होत नाही ना ते पाहतात, आणि तो तांडा सुमारे आठ मैलांची वाट उतरून गावात जातो. खोक्यांत पत्रं थोडी. औषधं, किराणा, घरातलं सामानसुमानच जास्त. आणि पत्रावर तिकीट लागतं ते न्यूयॉर्कवाल्याला लागतं तेवढ्याच किमतीचं.

सुपाईचं नाव कुणी काढलंच तर "वा, जायला हवं एकदा" म्हणा आणि विषय पर्यटनाकडे वळवा. त्याच देशात माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याची बहुतांश औषधं रुग्णांच्या घरी टपालानंच जातात, हे कुणाला आठवायच्या आत. यूपीएस आणि फेडेक्स या बड्या खासगी कंपन्या स्वतःला न परवडणारी पार्सलं शेवटच्या टप्प्यात वर्षानुवर्षं सरकारी टपालाकडे सोपवत होत्या, हे तर अजिबात बोलू नका. "खासगीवाले बघा कसं स्वस्तात पोहोचवतात" या वाक्यातली हवाच निघून जाते.

आता नफ्याचं. हे हत्यार जपून वापरायचं, कारण ते दुधारी आहे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालाचा दर अंतरावर आणि कागद किती यावर ठरायचा, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागायचे. गरीब माणूस पत्र हातात घेऊन उलटसुलट बघायचा आणि परत करायचा. रोलंड हिल नावाच्या एका गृहस्थानं हिशेब मांडला, तर लंडनहून एडिनबरोपर्यंत एक पत्र वाहून न्यायला एका पेनीचा छत्तिसावा भाग खर्च येत होता. उरलेला खर्च अंतर मोजणं, कागद मोजणं, दारात उभं राहून पैसे वसूल करणं आणि त्या सगळ्याच्या वह्या ठेवणं यावर. त्यानं सुचवलं, अंतराचा हिशेबच सोडून द्या, देशभर एकच दर लावा, पैसे आधी घ्या. १८३९ साली साडेसात कोटींच्या आसपास पत्रं गेली होती, हे अमलात आलं त्या १८४० साली जवळपास सतरा कोटी गेली.

आणि निव्वळ नफा? तो कोसळला. पूर्वीच्या पातळीवर यायला वीसेक वर्षं लागली. आजच्या एखाद्या व्यवस्थापन सल्लागारानं हिलला दुसऱ्या तिमाहीतच निरोपाचा नारळ दिला असता. पुढे जगभरानं हीच पद्धत उचलली, तेव्हा या बाबतीत जग चुकलं असं धरून चाला.

खातं तोट्यात नसेल तर? निराश होऊ नका, तोटा कायद्यानं तयार करता येतो. २००६ साली अमेरिकी काँग्रेसनं टपाल खात्याला हुकूम सोडला की पुढे निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाची तरतूद आत्ताच करून ठेवा, दर वर्षी साधारण साडेपाच अब्ज डॉलर. दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्यावर असलं ओझं नव्हतं. हे खातं रोजचं काम करदात्यांच्या पैशावर नाही, तिकिटं विकून चालवतं. मंदी आली, पत्रं घटली, आणि त्यात हा हप्ता. खातं नंतर हप्ते भरेनासं झालं. २०२२ मध्ये ती अट काढून टाकली गेली. पण मधल्या पंधरा वर्षांत "टपाल खातं पुन्हा तोट्यात" हा मथळा इतक्यांदा छापून झाला होता की अट गेल्याची बातमी वाचायला कुणी थांबलं नाही. तुम्हाला मथळाच हवा होता, नाही का?

याहून सुबक काम डेन्मार्कनं केलं, ते बारकाईनं अभ्यासा. तिथली टपाल सेवा १६२४ सालची, राजा चौथ्या ख्रिश्चनच्या काळची. २०१४ मध्ये सरकारनं ठरवलं की नागरिकांशी आपला पत्रव्यवहार यापुढे डिजिटल. ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनी अर्ज करून सूट मागावी. म्हणजे टपालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार, ते स्वतःच उठून गेलं. मग सरकारच्याच लक्षात आलं की, अरेच्चा, पत्रं फारच कमी झाली हो! २००० सालापासून नव्वद टक्क्यांहून जास्त घट. २०२४ मध्ये नव्या कायद्यानं सगळीकडे पत्र पोहोचवण्याचं बंधन काढलं, टपालाची करमाफीही काढली. साध्या पत्राचं तिकीट २९ क्रोनरवर गेलं. एवढं महाग पत्र कोण पाठवणार? कुणीच पाठवेना, तेव्हा घट आणखी सिद्ध झाली. ३० डिसेंबर २०२५ ला तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं, पोस्टनॉर्डनं, शेवटच्या पत्राचा बटवडा केला. चार शतकांचा कारभार, एकाही खिडकीची काच न फुटता बंद.

रस्त्यांवरच्या दीड हजार लाल टपालपेट्या उपटल्या आणि त्यातल्या काही धर्मादायासाठी विकायला काढल्या. काही तासांत संपल्या. ज्या पेटीत वर्षभर कुणी काही टाकलं नाही, ती घरात ठेवायला लोकांनी उड्या टाकल्या. भारतात १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली तेव्हाही शेवटची तार करायला रांगा लागल्या होत्या. या रांगांना घाबरू नका. रांग लावणारा माणूस आठवण घ्यायला आलेला असतो, हक्क मागायला नाही. त्याला एक शिक्का मारून द्या, खूश होऊन जातो.

एकदम बंद करायची हिंमत नसेल, तर ब्रिटनच्या वाटेनं जा. रॉयल मेल ही तिथली सरकारी टपाल कंपनी २०१३ मध्ये ३३० पेन्सला एक शेअर या भावानं विकली. पहिल्याच दिवशी भाव ३८ टक्के चढला. म्हणजे लोकांची वस्तू लोकांच्या वतीनं स्वस्तात गेली, पण त्या दिवशी सगळे हसत होते. तेव्हा ६० पेन्सला मिळणारं फर्स्ट क्लासचं तिकीट २०२५ मध्ये १७० पेन्सचं झालं. नियम असा होता की फर्स्ट क्लासची ९३ टक्के पत्रं दुसऱ्या दिवशी पोहोचली पाहिजेत. २०२४-२५ मध्ये पोहोचली ७७ टक्के. नियामक संस्थेनं २ कोटी १० लाख पौंडांचा दंड ठोठावला. शिवाय त्याच वर्षी उद्दिष्ट ९३ वरून ९० वर आणलं आणि सेकंड क्लासची पत्रं एक दिवसाआड वाटायला परवानगी दिली. ही युक्ती मला फार आवडते. पोराला पस्तीस टक्के पडत नसतील तर पास होण्याची अट तीसवर आणावी, आणि त्याच दिवशी त्याला एक चापटही मारावी. पालक कडक आहेत, हेही दिसतं.

पोस्टमनचं काय करायचं, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. कारण तो दिसतो, आणि लोकांना आवडतो. तो काय काम करतो ते लोकांना कळू देऊ नका. सकाळी पाकिटांचा ढीग समोर घेऊन तो त्या चालण्याच्या क्रमानं लावतो: आधी डाव्या हाताची घरं, मग वळणावरचा जिना, मग मागची गल्ली. पत्त्यातला घरनंबर चुकलेला असतो, आडनाव अर्धंच असतं, पिनकोडचा एक आकडा पावसात गेलेला असतो. तो एकदा बघतो आणि पाकीट बरोबर खणात टाकतो, कारण त्या नावाचे दोघे आहेत आणि त्यातल्या एकालाच पेन्शनची पत्रं येतात, हे त्याला ठाऊक असतं. एखाद्या दारातलं कालचं टपाल आजही तसंच पडलेलं दिसलं तर तो शेजाऱ्याची कडी वाजवतो. त्याच्या कामाच्या कुठल्याही तक्त्यात कडी वाजवण्याचा रकाना नाही, म्हणून कार्यक्षमतेच्या अहवालात ते मिनिट वाया गेलेलं धरतात.

आधी ते मिनिट कापा, मग परत विका. फ्रान्सच्या टपाल खात्यानं २०१७ मध्ये अशी सेवा काढली. महिन्याचे पैसे भरा, पोस्टमन आठवड्यातून ठरल्या वेळी तुमच्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटून येईल आणि अॅपवरून तुम्हाला कळवेल. खात्याला जगायचं होतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही फक्त एवढं शिका की जे फुकट मिळत होतं त्याची किंमत ते थांबवल्याशिवाय लावता येत नाही.

पोस्टमनच्या जागी कंत्राटी पोरं आणा. ती रोज नवी असतात, त्यामुळे कुणाची कडी वाजवायचा प्रश्नच येत नाही. फोनवर "पोहोचवले" असा संदेश येतो, सोबत एका दाराचा फोटो. दार कुणाचं ते तुम्ही शोधायचं.

आणि कधी यंत्र आणि माणूस यांच्यात वाद झाला, तर यंत्राची बाजू घ्या. इथं टपालाच्या भक्तांनीही मान खाली घालावी असा दाखला ब्रिटनमध्येच आहे. १९९९ ते २०१५ या काळात तिथली टपाल कचेऱ्या चालवणारी नऊशेहून जास्त माणसं चोरी आणि अफरातफरीच्या गुन्ह्यात दोषी ठरली, कारण होरायझन नावाच्या संगणक प्रणालीनं त्यांच्या गल्ल्यात तूट दाखवली होती. तूट प्रणालीत होती. काही तुरुंगात गेली, कित्येकांची घरंदारं गेली, आणि शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. हे सगळं घडलं तेव्हा या कचेऱ्यांची कंपनी, पोस्ट ऑफिस, सरकारच्याच मालकीची होती; रॉयल मेलबरोबर ती विकली गेली नव्हती. तेव्हा सरकारी पाटी असली की माणूस सांभाळला जातोच, असा समज कुणाचा असेल तर तो तुमच्या फायद्याचा नाही आणि खराही नाही. तुम्ही मात्र यातून सोयीचा निष्कर्ष काढा: प्रणाली सुधारण्यापेक्षा कचेरीच बंद केलेली बरी. कचेऱ्यांच्या इमारती तशाही गावाच्या मध्यावर असतात, भाव उत्तम येतो.

परदेशी टपालाबद्दल फार बोलू नका, ते तुमच्या मुद्द्याला सोयीचं नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये २२ देशांनी करार केला की टपालापुरता आपण सगळे एकच प्रदेश. लढाया झाल्या, देश फुटले, करार टिकला. एवढं टिकाऊ काही दाखवलंत तर लोक विचारतील, मग हे मोडायचं कशाला?

शेवटी बेटं उरतात. डेन्मार्कलाही उरली. बाजाराच्या हाती सगळं सोपवलं तरी छोट्या बेटांवरचं टपाल आणि अंध व्यक्तींचं मोफत टपाल यांना कुणी नफ्यासाठी हात लावत नाही, म्हणून सरकारला निविदा काढून, पैसे मोजून सोय करावी लागते. तुमच्यावरही ती वेळ येईल. तेव्हा निविदेत 'सर्वांना समान दर' आणि 'प्रत्येक पत्त्यावर' हे शब्द येणार नाहीत एवढी काळजी घ्या, नाहीतर लोक म्हणतील हे तर जुनंच खातं आहे. दर बेटागणिक वेगळा ठेवा, म्हणजे अंतर मोजायला माणसं लागतील. वह्या ठेवायलाही लागतील. मुदत तीन वर्षांचीच ठेवा. चौथ्या वर्षी बेटावरच्या आजीबाईंना औषध कसं मिळायचं, ते त्या वर्षीचा मंत्री बघेल.