नाक घासणारी गाडी

कोकणात गाडी पुढून बसली की मालकाच्या आधी वाडीला कळतं. पाणंदीच्या चढावर बंपर जांभ्याला घासून 'खर्रर्र' करतो आणि गडग्यापलीकडून निदान येतं, "शॉकअप गेले हो तुमचे!"

निदान लोकप्रिय आहे आणि चुकीचं आहे. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त हेलकावे आवरतो. नवे शॉकअप घातले तरी गाडी तितकीच खाली राहते, डुलायची मात्र थांबते.

मुळात नाक खाली आलंय की शेपूट वर गेलंय, ते आधी बघावं. गणपतीला माणसं आणि परतताना तांदूळ, नारळ, फणसपोळी मावावी म्हणून चाकरमानी मागच्या स्प्रिंगांत रबरी बफर ठोकतात. सामान उतरलं की गाडी पुढून साष्टांग नमस्काराच्या तयारीत! अशा गाडीचे पुढचे पार्ट बदलून मेकॅनिकचंच भलं होतं.

म्हणून टेप घ्यावी. गाडी रिकामी, हवा बरोबर, आणि माप चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही हिशेबात येते. जागा सपाट हवी, आणि इथेच कोकण आडवं येतं. सारवलेल्या खळ्यालासुद्धा पागोळ्यांचं पाणी जाण्यापुरता उतार असतोच. मग माप घ्या, गाडी त्याच जागी तोंड फिरवून लावा, पुन्हा मोजा आणि सरासरी काढा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटी उंच दिसते. तिला दहा-बारा फूट मागेपुढे करून बॉनेट दोनदा दाबा. डाव्या-उजव्यात ५-७ मिमी फरक असेल तर माझ्या मते सोडून द्यावं. २० मिमी असेल तर खालच्या बाजूची स्प्रिंग तुटल्याचा संशय घ्या.

ती बहुधा तुटते सगळ्यात खालच्या वेढ्यात, रबरी बैठकीपाशी. पावसाळाभर तिथे तांबडी माती आणि पाणी साठतं, वर खारा वारा. रंगाचा पापुद्रा उडाला की गंज आत शिरतो. टॉर्च धरून स्क्रूड्रायव्हरने ती माती उकरावी. कधी कधी बोटभर लांबीचा तुकडा अलगद हातात येतो. उरलेलं टोक टायरला लागू शकतं, तेव्हा अशी गाडी घाटात घालू नये.

स्प्रिंग शाबूत पण थकलेली असेल तर स्वस्त उपाय सुचवायला गाव आहेच. वेढ्यांत बफर घातला की तेवढे वेढे कामातून जातात आणि उरलेल्यांवर ताण येतो. माउंटवर, म्हणजे स्प्रिंगची जोडणी वर बॉडीला धरणाऱ्या बैठकीवर, स्पेसरची जाड चकती घातली की उंची मिळते, पण ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडतो आणि स्प्रिंग थकलेली ती थकलेलीच.

नव्या स्प्रिंगा जोडीनेच घालाव्यात, चासी नंबर सांगून. डिझेल गाडीचं इंजिन जड, त्यामुळे तिची स्प्रिंग बहुधा वेगळी. ओळख रंगाच्या ठिपक्यांवरून. समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग आवळेपर्यंत स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या, वरच्या नटाला पाना लावू नये. तो आधी सुटला तर माउंट थेट तोंडावर! त्याच मजुरीत वरचं माउंट आणि बेअरिंगही तपासून घ्या. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलंच पाहिजे.

खरी चूक शेवटी होते. चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बोल्ट करकचून आवळले की गाडी खाली टेकल्यावर त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटची आवळणी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना करावी. नव्या स्प्रिंगाही थोड्या बसतात, म्हणून साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजून मगच पक्कं अलाइनमेंट करावं.

आणि हेडलाइट! नाक वर आलं की उजेड माडांच्या शेंड्यांवर जातो आणि समोरचा एसटी ड्रायव्हर तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंमी खाली आणा.