उंबऱ्यावरचं कीर्तिमुख झाकू नका

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एका बाजूला काळ्या दगडावर ऑइलपेंट हवा, सभामंडपात ग्रॅनाइट हवा. दुसरी बाजू म्हणते, देऊळ जुनं आहे, एका दगडालाही हात लावू नका.

मी जर्मनीत ट्रिअरला राहतो. कामावर जाताना रोज इथल्या डोमच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, उत्तरेकडच्या भिंतीजवळून जातो. त्याचा मधला चौकोनी भाग चौथ्या शतकातला, रोमन. त्या भिंती आजही पंचवीसेक मीटर उंच उभ्या आहेत. बुजवलेल्या रोमन खिडक्यांच्या विटांच्या कमानी रस्त्यावरून दिसतात. ८८२ साली नॉर्मनांनी, म्हणजे उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंनी, शहर लुटलं तेव्हा डोमचीही नासधूस झाली. अकराव्या शतकात बिशप पोप्पोंनी पडझड सावरून पश्चिमेकडे इमारत वाढवली, गोल कमानींची. १७१७ च्या आगीनंतर पुन्हा डागडुजी झाली, त्या काळाच्या पद्धतीने. कुठलं काम कुठल्या काळातलं, ते आजही ओळखू येतं. मुख्य दाराशी एका रोमन खांबाचा ग्रॅनाइटचा तुकडा पडलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावरून घसरगुंडी खेळत आलीत, दगड गुळगुळीत झालाय. तो कुणी उचलला नाही.

हात लावूच नका म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की १९७४ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत इथे वेदीचा भाग नव्याने रचला गेला. डोममध्ये आजही नित्य प्रार्थना होते. नांदत्या देवळात बदल होणारच.

पैशाची बाजू मात्र सारखी नाही. इथल्या चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या ९ टक्के चर्चकर सरकारच वसूल करून चर्चला देतं. आमच्याकडे वर्गणी घरोघरी फिरून गोळा करावी लागते, आणि देणाऱ्याला आपला पैसा डोळ्यांना दिसावासा वाटतो. चुना दिसत नाही, ग्रॅनाइट दिसतो. त्यासाठी मी गावकऱ्यांना नावं ठेवणार नाही.

पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख, दगडात कोरलेला तो उग्र चेहरा, आठवा. नाकडोळे झिजलेत, आजीच्या बोटांना तरी ते बरोबर सापडायचं. हात लावून कपाळी नेल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे. ग्रॅनाइट पडला की ते कायमचं खाली जाईल.

तात्या, माझी वर्गणी काल पाठवली आहे, फक्त गळतीसाठी. शिखराच्या सांध्यांतली पिंपळाची रोपं मुळासकट काढा, सांधे चुन्याने भरून घ्या. पाऊस लागायच्या आत तेवढं करा. फरशीचं मी दिवाळीला आलो की पारावर बसून बोलू.