मुंबईत एकदाच भारी जेवायचं असेल, तर बुफेला जाऊ नका

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की आम्हा ठाणेकरांच्या घरी पाहुणे येतात. नाशिक, सांगली, सोलापूर, नगर. राणीची बाग, गेटवे, सिद्धिविनायक असं सगळं फिरून होतं आणि मग कोणीतरी म्हणतंच, "एक दिवस सगळे मिळून चांगल्या फाइव्ह स्टारमध्ये जेवू या की." कल्पना उत्तम आहे. वर्षातून एखाद्या वेळी असा खर्च करावा, त्यात उधळपट्टी काही नाही, हे माझं ठाम मत आहे. पण पुढे जे होतं ते मला पटत नाही. बहुतेक घरं कुठल्यातरी मोठ्या हॉटेलचा रविवारचा बुफे बुक करून मोकळी होतात.

का करतात ते मला समजतं. माणशी किती, हे आधीच कळतं. अवघड नावांचा मेन्यू वाचायला लागत नाही, वेटरशी बोलायचा संकोच नाही, मुलं आपापलं वाढून घेतात. आणि पैसे वसूल झाल्याचं समाधान असतं. मध्यमवर्गीय घरात हे समाधान किती मोठं असतं ते मला कोणी सांगायला नको.

पण बुफेत नक्की काय मांडलेलं असतं, ते एकदा नीट बघा. झाकणाच्या गरम भांड्यात तास-दोन तास तग धरेल तेच तिथे ठेवता येतं. तंदूरमधली रोटी पाच मिनिटांत चिवट होते, तळलेला मासा मऊ पडतो, पालेभाजी काळवंडते. म्हणून मग पनीरची ग्रेव्ही, बिर्याणी, पास्ता, नूडल्स. हे सगळं आपल्याकडे घोडबंदर रोडला, राम मारुती रोडला, कुठल्याही मॉलमध्ये मिळतं. त्याच हॉटेलात दोन दारं पलीकडे कबाबावर हयात घालवलेले उस्ताद उभे असतात आणि त्यांच्या हातचं आपल्या ताटात काहीच येत नाही. आपण वीस पदार्थांचा एकेक चमचा घेतो, वर पाच प्रकारचे केक खातो, आणि दोन दिवसांनी कोणी विचारलं की "खूप काही होतं" एवढंच सांगता येतं.

माझं म्हणणं असं आहे. एवढ्या मोठ्या शहरात येऊन एकच जेवण करायचं, तर असं स्वयंपाकघर शोधा जिथे एखादी गोष्ट अशी बनते जी आपल्या घरी बनणं शक्य नाही. तेवढा वेळ लागतो म्हणून, तशी भट्टी लागते म्हणून, तसा माल मिळत नाही म्हणून, किंवा तो हात आपल्याकडे नाही म्हणून. त्या एका पदार्थासाठी जायचं आणि बाकीचं जेवण त्याच्याभोवती मागवायचं. पाच-सहा पदार्थ, मध्ये ठेवून, सगळ्यांनी वाटून.

अंधेरीला विमानतळाजवळ आयटीसी मराठा हॉटेलात 'पेशावरी' आहे, दिल्लीच्या 'बुखारा' रेस्टॉरंटच्या घराण्यातलं. तिथली काळी डाळ घ्या. अख्खे उडीद रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवलेले असतात, त्यात टोमॅटो आणि लोणी. घरी आपण कुकरला शिट्ट्या काढून दाल मखनी करतो, ती चांगलीच लागते. पण ही डाळ तिच्या जातीचीच नाही, हे पहिल्या घासाला कळतं. सिकंदरी रान म्हणजे मसाल्यात मुरवून, मऊ शिजवून मग तंदूरमध्ये लावलेली मटणाची अख्खी तंगडी, चौघांत सहज पुरते. नान बुखारा नावाचा नान एवढा मोठा असतो की अख्ख्या टेबलाला एकच मागवावा. आणि मला सगळ्यात भावतं ते हे की तिथे काटे-चमचे मांडलेलेच नसतात. गळ्यात चौकडीचा एप्रन बांधायचा आणि हातानं जेवायचं. माझ्या सोलापूरच्या आत्येसासूबाई हॉटेलच्या दारापासून अंग चोरून चालत होत्या. आजूबाजूच्या टेबलांवर सूटबूट घातलेली माणसं बोटं चाटताना बघितली आणि म्हणाल्या, "अगं, इथं तर आपल्यासारखंच जेवतात की!" त्यानंतर त्या जेवल्या ते मनापासून. आपल्या घरातला सगळ्यात बुजरा माणूस कुठे मोकळा होईल, हा निवडीचा दुसरा निकष मी तेव्हापासून धरला आहे आणि तो मला कुठल्याही रेटिंगपेक्षा खात्रीचा वाटतो. जायला गाडीही लागत नाही. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं एअरपोर्ट रोड, मग रिक्षा.

आता मासे खाणाऱ्यांचं. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा बांगडा-सुरमई होते त्यांनी सुरमई फ्रायसाठी दक्षिण मुंबईत हजारो रुपये द्यायची काही गरज नाही. ठाण्यातल्या मालवणी खानावळी ते काम जास्त चांगलं आणि रास्त दरात करतात. पण मोठा खेकडा किंवा लॉबस्टर घरी आणून, साफ करून, आठ माणसांना फोडून वाढणं कोणी करत नाही. काळा घोड्याच्या गल्लीतलं 'तृष्णा' बटर, मिरी आणि लसणातल्या खेकड्यासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. त्यासाठी जा. तिथे खेकड्याची वाटी-वाटी कवचं फोडत सगळे अर्धा तास गुंततात, मुलंसुद्धा मोबाइल बाजूला ठेवतात. मात्र एक सांभाळा: खेकडा, पापलेट, लॉबस्टर यांच्यापुढे मेन्यूत बहुधा किंमत नसते, 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार. ऑर्डर देण्याआधी वजन किती आणि एकाचे किती होतील, हे स्पष्ट विचारायचं. यात लाजायचं काही नाही, चांगल्या ठिकाणचा कॅप्टन स्वतःहून सांगतो. आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पाहुणे पावसाळ्यात आले असतील तर माशाचा बेत नारळी पौर्णिमेनंतर कधीतरी. पावसाळ्याच्या त्या दिवसांत मटणवाल्यांनी काळा घोड्यालाच 'खैबर' बघावं. १९५८ पासूनचं नाव आहे, रान तिथलंही नावाजलेलं, आणि भिंतींवर हुसेन यांच्यासारख्यांची चित्रं आहेत.

समुद्र दिसणाऱ्या टेबलाचा मोह मात्र आवरा. दृश्याचे पैसे आपण ताटातून देतो. दक्षिण मुंबईतल्या एका गच्चीवरच्या हॉटेलात आम्ही केवळ मरीन ड्राइव्हच्या त्या अर्धवर्तुळाकार दिव्यांसाठी गेलो होतो. दिवे अप्रतिम होते, जेवण कोमट होतं आणि संगीत इतकं मोठं की सासऱ्यांना समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. ज्यांना गेटवे आणि बोटी बघतच बसायचं आहे त्यांनी ताजच्या 'सी लाउंज'मध्ये संध्याकाळी चहाला जावं. ते हॉटेल १९०३ सालचं आहे, त्या जिन्यावरून चढणं हाच एक अनुभव आहे. जेवण दुसरीकडे. डोळ्यांचं आणि जिभेचं बिल वेगवेगळं केलं की दोन्ही नीट होतात.

तरुण मंडळी मला हमखास 'मास्क'बद्दल विचारतात. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारातलं हे रेस्टॉरंट २०१६ साली सुरू झालं आणि आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत त्याचं नाव सातत्यानं येतं. (मिशलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तारे भारतातल्या रेस्टॉरंट्सना दिले जात नाहीत, त्यामुळे आपल्याकडे त्या नावानं कोणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका.) तिथे टेस्टिंग मेन्यू असतो. शेफ ठरवतो ते छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात आणि दोन-तीन तास सहज जातात. लग्नाच्या वाढदिवसाला दोघंच जाणार असाल, खाण्यात खरा रस असेल, तर जरूर जा, पैसे साठवून जा. पण आठ वाजता जेवून गोळ्या घेणारे आजोबा आणि फक्त बटाटा खाणारा नातू घेऊन अशा ठिकाणी जाणं हे त्या शेफवरही अन्याय आहे आणि आजोबांवरही.

त्यापेक्षा लोअर परळचं 'द बॉम्बे कँटीन' सगळ्या घराला झेपतं. २०१५ मध्ये कमला मिल्समध्ये ते सुरू झालं. त्यामागे असलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईत वाढले, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलं, आणि मार्च २०२० मध्ये करोनानं गेले. गावोगावचे आपले पदार्थ आणि हंगामी भाज्या उचलून त्यांचा मान राखत नव्या रूपात मांडायच्या, हे काम त्या मंडळींनी मनापासून केलं. मला इथे एक बोलायचंच आहे. मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी. मोठ्या हॉटेलांत लखनवी आहे, पेशावरी आहे, चिनी, जपानी, इटालियन आहे. भरल्या वांग्याला, खानदेशी मांड्याला, वऱ्हाडी वडाभाताला, सारस्वती तिवळाला तिथे तोच मान, तीच किंमत का मिळू नये? पुरणाचा मांडा उलट्या मडक्यावर टाकायला जो हात लागतो, तो कुठल्याही सुशी शेफच्या हातापेक्षा कमी कसबाचा नाही. पाहुण्यांना अभिमानानं न्यावं असं अव्वल दर्जाचं मराठी जेवणाचं ठिकाण आपल्या या पट्ट्यात फार क्वचित सापडतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिवस कोणता? शक्य असेल तर मधल्या वाराची दुपार. अनेक चांगली रेस्टॉरंट्स दुपारी ठरलेल्या किमतीचा छोटा मेन्यू ठेवतात, तेच स्वयंपाकघर, तोच शेफ, खर्च कमी. कर्मचाऱ्यांना बोलायला वेळ असतो, टेबलही मनासारखं मिळतं. परतीची लोकल बसून मिळते. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर सीएसएमटीला पोचेपर्यंतच भूक मरते. नवी मुंबईच्या मंडळींनी अटल सेतूवरून गाडी काढली तर वेळ वाचतो, पण एका बाजूचा टोल २५० रुपये आहे, तो जेवणाच्या हिशेबात धरा.

हिशेबाचं सविस्तर सांगते, कारण बिल आल्यावर होणारे चेहरे मी पाहिलेत. समजा सहा जणांचं खाणं १०,००० रुपयांचं झालं. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे १०,५००. तेच जेवण ज्या हॉटेलात खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे तिथे घेतलं तर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ११,८००. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर त्यावरही कर बसतो आणि आकडा १२,९८० होतो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. तो काढा असं शांतपणे सांगता येतं. पण ज्यानं तीन तास आपल्या म्हाताऱ्या माणसांची ऊठबस केली त्याच्या हातात मग टीप ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. पाण्याचं विचारलं की "रेग्युलर" म्हणा. बाटलीला छापील किमतीहून जास्त घेण्याची मुभा रेस्टॉरंट्सना सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच दिली आहे, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नाही.

आणि घरातल्या घरात रक्कम आधी बोलून घ्या. काउंटरवर "मी देतो, मी देतो" करण्यात जेवणाची गोडी जाते. फाइव्ह स्टारमधल्या खास रेस्टॉरंटला, दारू न घेता, वाटून खाल्लं तरी मी माणशी तीन हजार धरते. तेवढे नसतील तर फाइव्ह स्टार सोडा आणि बाहेरचं उत्तम ठिकाण निवडा, आपण पदार्थासाठी चाललोय.

टेबल बुक करताना फोनच करा, ॲपवर काही कळत नाही. किती माणसं, त्यात वयस्कर किती, जिना आहे का, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, तुमच्याकडे लोक मुद्दाम कशासाठी येतात. या शेवटच्या प्रश्नाला समोरच्यानं "सर, सगळंच छान आहे" म्हटलं तर मी दुसरा नंबर लावते. आणि ज्यानं दोन पदार्थांची नावं घेऊन ते कसे होतात हे सांगितलं, तिथे जाऊन आमची कधी निराशा झालेली नाही.

नाताळात माझी नणंद येतेय, घरचे सहा जण, सगळे शुद्ध शाकाहारी. माझ्या मनात काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय आहे. १९४५ सालचं, गुजराती थाळी, हिवाळ्यात उंधियू, गरम फुलके पुरे म्हणेपर्यंत वाढत राहतात. फाइव्ह स्टार नाही, पण तेवढ्या प्रकारच्या फरसाणाची आणि भाज्यांची मेहनत कुठल्या घरात होणार? अडचण एवढीच की वर जायला जिना आहे आणि नणंदेच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. लिफ्ट असलेलं, शांत, शाकाहारी, आणि जिथे एक तरी पदार्थ मुद्दाम जाऊन खावा असं ठिकाण ठाण्यापासून दादरपर्यंत कोणाला माहीत असेल तर मला सांगा. पदार्थाच्या नावासकट सांगा.