भिंतीवरचं बी

अकोले तालुक्यातल्या आदिवासी बायांच्या परसबागा आणि बियाणे बँकेवरचा लेख मनापासून आवडला. तिथल्याच, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या जव्हारच्या पाड्यावरच्या बायाही हरखल्या होत्या. मी इथे तीन वर्षं परसबागांचं काम बघते, म्हणून एक सांगावंसं वाटतं. पहिल्या वर्षी एका योजनेतून आम्हाला संकरित भाज्यांची पाकिटं मिळाली, तीही भाताची लावणी ऐन भरात असताना. बाया चिखलात, वाफे करणार कोण? जे उगवलं त्याचं बी पुढच्या साली धड आलंच नाही. मग एका आजीने घरात नेऊन भिंत दाखवली. काकडीचं आणि दुधीचं बी शेणात कालवून थापलेलं, वाळून कडक झालेलं. वालाचं बी राखेत, मडक्यात. आता बियांची बैठक मे महिन्यातच घेतो, आजीच्याच ओटीवर. मूठभर बी न्यायचं, हंगामानंतर दोन मुठी परत करायचं. नोंदवही दहावीतली एक मुलगी ठेवते. असे कार्यक्रम आखणाऱ्यांनी पाकिटं छापायच्या आधी या भिंती बघाव्यात, एवढीच कळकळीची विनंती. आणि लेखात कंदांबद्दल काहीच नाही. करांदे, कोनफळ यांवरही लिहा ना!