तांब्याची फॉइल थर्मल पेस्टची जागा घेऊ शकत नाही

थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामध्ये लावायचा लेप. सध्या तिच्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘थर्मल पेस्ट कशाला? प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये तांब्याची फॉइल घाला. तांबं पेस्टपेक्षा कितीतरी पट उष्णता वाहून नेतं. फॉइल जाड घ्या, स्क्रू करकचून आवळा.’ वाचताक्षणी पटतं, म्हणूनच तो खोडून काढणं गरजेचं आहे.

तांब्याची वाहकता सुमारे 400 वॉट प्रति मीटर केल्विन, चांगल्या पेस्टची 5 ते 10. आकडे बरोबर आहेत, पण अडचण धातूच्या आत नाहीच, ती सांध्यावर आहे. हाताला गुळगुळीत लागणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. खरा स्पर्श बहुतेकदा एक-दोन टक्के जागेतच होतो. बाकी फटींत हवा, आणि तिची वाहकता जेमतेम 0.026.

हिशेब करून बघा. 10 चौरस सेंटिमीटरमधून 100 वॉट जाताहेत. 50 मायक्रॉन (0.05 मिलिमीटर) तांब्यात तापमान उतरतं 0.0125 अंश, म्हणजे जवळपास काहीच नाही. तेवढ्याच जाडीच्या, 5 वाहकतेच्या पेस्टमध्ये 1 अंश. कोरड्या सांध्यावर मात्र 10 अंश सहज जातात. तांब्याची फॉइल घातली की असा एक सांधा जाऊन दोन येतात! तांबं कठीण, स्क्रूच्या दाबाला ते खाचांत शिरत नाही.

जाड फॉइल तर आणखी ताठ. खाचा भरण्याइतकी जाडी पुरते, वरची वाया.

स्क्रूचं म्हणणं अर्धं खरं. दाब वाढला की स्पर्श वाढतो. पण दाब स्क्रूच्या आसपासच एकवटतो. अती आवळल्यास स्क्रूंनी धरलेली पातळ पट्टी वाकते, मधला भाग उचलला जातो, आणि चिप नेमकी मध्ये असते.

मग फॉइल निरुपयोगी का? मुळीच नाही, फक्त धातू मऊ हवा. इंडियमची वाहकता तांब्याच्या साधारण पाचवा हिस्सा, तरी ते नखानेही दबतं आणि खाचांत बसतं. निर्वात यंत्रणेत ग्रीससारख्या पेस्टची वाफ उडून सगळीकडे बसते, तिथे इंडियमची फॉइल खरोखर कामाची. ते 156.6 अंश सेल्सिअसला वितळतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि फॉइल कुठलीही असो, ती वीज वाहते: कड बाहेर राहून बोर्डावरच्या भागांना टेकली तर शॉर्ट होईल. बसवताना घडी पडू देऊ नका. एका सुरकुतीने अख्खा पृष्ठभाग वर उचलला जातो.